राजीखुशीचा प्रश्न

माझ्या मावशीच्या लाँड्रीवर पाटी होती. पण त्या पाटीवर काय लिहिले आहे, हे रस्त्यावरच्या एकालाही सांगता आले नसते. सगळे त्या दुकानाला ‘निघणार नाही’ म्हणत. “कोट ‘निघणार नाही’त टाकलाय, येताना घेऊन ये,” असे बायका नवऱ्यांना अगदी सहज सांगत.

हे नाव मावशीनेच मिळवलेले. गिऱ्हाईक काउंटरवर कपडा ठेवायचे, डाग दाखवायचे आणि आशेने तिच्या तोंडाकडे बघायचे. दुसरा कोणी असता तर ‘बघू, प्रयत्न करू’ म्हणाला असता. मावशी कपडा उजेडात धरायची, डागावरून बोट फिरवायची आणि निकाल द्यायची, “निघणार नाही.”

“अहो, पण धुऊन तरी बघा!”

“धुवेन की. कपडा स्वच्छ होईल. डाग निघणार नाही.”

गिऱ्हाईक चिडायचे, कपडा उचलून दुसरीकडे न्यायचे आणि डागासकट परत यायचे. कारण उलटही तितकेच खरे होते. मावशी एखाद्या डागाला ‘निघेल’ म्हणाली, की तो निघालाच म्हणून समजावे. लग्नाचे कोट, वकिलांचे डगले, हॉटेलांचे टेबलक्लॉथ असे सगळे तिच्याकडे यायचे ते या एका शब्दाच्या भरवशावर.

घरातही ती अशीच. माझ्या पहिल्या नोकरीची बातमी सांगायला गेलो, तेव्हा ती म्हणाली, “छान झालं. शर्ट मात्र तुला शोभत नाही.” मी वाणिज्य शाखेचा, हिशेबात मुरलेला, म्हणून ती मला मुनीम म्हणते. आता माझीच निवृत्ती तोंडावर आली आहे, तरी मी मुनीमच.

तिचे घर म्हणजे लांबट, अरुंद जागा. रस्त्याला लागून दुकान, त्यामागे स्वयंपाकघर, तिथून वर जाणारा जिना आणि वर झोपायची खोली. दोन्ही अंगांना आणि मागे शेजाऱ्यांच्या भिंती. त्यामुळे खाली उजेड यायचा तो फक्त समोरून. आणि तोही दुकानातच अडायचा, कारण दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक भिंत होती. ती मावशीच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या काकांनी, लग्नानंतर स्वतःच्या हाताने बांधलेली. गिऱ्हाइकाला आपला संसार दिसता कामा नये, असे त्यांचे मत होते. संसार दिसेनासा झाला हे खरे. भर दुपारी दिवा लावल्याशिवाय तो मावशीलाही दिसत नसे.

काका गेले, घर रीतसर मावशीच्या नावावर झाले, आणि तिने दुकान एकटीने चालवले. मूलबाळ नव्हते. पुढे गुडघ्यांनी दगा दिला. इस्त्री उभ्याने करायची असते आणि झोपायला जिना चढावा लागतो. म्हणजे दिवसा एक त्रास आणि रात्री दुसरा. आमच्या इमारतीत तळमजल्यावरची एक छोटी जागा रिकामी झाली, तेव्हा मी म्हटले, “मावशी, ते घर विक आणि इकडे ये. जिना नाही, इस्त्री नाही.”

“आणि करू काय दिवसभर?”

“आराम.”

“तो मला येत नाही,” ती म्हणाली. पण थोड्या दिवसांनी तिचाच फोन आला. “मुनीम, गिऱ्हाईक बघ. घराला.”

गिऱ्हाईक लवकर मिळाले. एक तरुण चष्मेवाला आणि त्याची बायको. दोघे मिळून भाड्याच्या गाळ्यात चष्मे विकायचे. आता स्वतःचे दुकान आणि वर राहायला खोली, असे हवे होते. चष्मेवाला मोठा गोडबोल्या. बायको कमी बोलायची आणि घर जास्त बघायची.

“काय सुंदर जिना आहे, मावशी!” तो म्हणाला.

“उतरताना डोकं आपटतं,” मावशी म्हणाली.

“आणि हे छत! जुन्या कामाची मजाच वेगळी.”

“गळतं ते. त्या कोपऱ्यात.”

तो हटेना. त्याने भिंतीवर थाप मारली. “आणि ही भिंत बघा! किती भक्कम!”

मावशीने विचारले, “पाडणार का?”

“छे छे, मावशी! हात नाही लावणार. तुमच्या हातचं घर आहे हे. आम्ही अगदी जसंच्या तसं ठेवणार, तुमची आठवण म्हणून.”

त्याच्या बायकोने त्याच्याकडे बघितले, मग भिंतीकडे बघितले आणि ओठ मिटून घेतले. मावशी नुसती “हं” म्हणाली. किंमत ठरली, पैशाचे बँकेमार्फत जमले, आणि मला वाटले, चला, आता राहिली ती कागदाची कामे. कागदाची कामे ही माझी आवडती कामे.

घर विकणे म्हणजे काय, याबद्दल लोकांच्या डोक्यात बराच गोंधळ असतो. पैसे मोजून घेतले, किल्ली दिली की घर विकले गेले असे त्यांना वाटते. तसे नसते. किल्ली मिळालेला माणूस आत राहू शकतो, भांडी लावू शकतो. मालक होत नाही. मालक बदलतो तो खरेदीखत नोंदवले जाते तेव्हा. त्याआधी वकिलाने जुने दस्त काढून बघायचे, की घर खरोखर विकणाऱ्याचेच आहे ना, कुठे गहाण पडलेले नाही ना, कोणी भाऊबंद हक्क सांगत येणार नाही ना. मग मसुदा करायचा, सरकारी मुद्रांक शुल्क भरायचे, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी नोंदणी कार्यालयात जातीने हजर राहून अधिकाऱ्यासमोर सांगायचे, की ही सही माझी, आणि हे मी समजून-उमजून केले आहे. तिथे ‘हो’ म्हणणे हाच सगळ्याचा कणा. बाकीचे कागद त्या एका ‘हो’च्या तयारीसाठी असतात.

मसुदा वाचून दाखवायला वकील माझ्या घरी आले. चांगले अनुभवी गृहस्थ. पण मावशीला मसुदा वाचून दाखवण्याचा अनुभव त्यांना नव्हता.

“लिहून देणार म्हणजे तुम्ही,” त्यांनी सुरुवात केली, “आणि लिहून घेणार म्हणजे चष्मेवाले.”

“मी कुठे काय लिहून देतेय? लिहिलंय तुम्ही.”

“अहो, तशी भाषा असते मावशी. विकणाऱ्याला लिहून देणार म्हणायचं.”

“बरं. पुढे.”

वकील वाचत गेले. चारी दिशांच्या हद्दी झाल्या, क्षेत्रफळ झाले. मग त्यांनी आवाज चढवून ती जुनी, भारदस्त ओळ वाचली, “सदर मिळकत त्यातील जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह…”

“थांबा. निधिनिक्षेप म्हणजे?”

“जमिनीत पुरलेलं धन वगैरे.”

“नाही आहे.”

“नसू द्या हो. सगळ्याच खरेदीखतांत ही ओळ असते.”

“अहो, पण आमच्याकडे नाही ना! उद्या हा मुलगा फरशी उकरत बसेल आणि म्हणेल, मावशीने लिहून दिलं होतं. आणि तरू कुठला? तुळई सोडली तर घरात लाकूड नाही. खोडा ते.”

वकिलांनी माझ्याकडे बघितले. मी खिडकीबाहेर बघितले. शेवटी त्यांनी पाषाण तेवढा ठेवला, कारण दाराशी एक दगडी पायरी होती. बाकीचे खोडले.

मावशीचे सामान आदल्या दिवशीच आमच्या तळमजल्यावर येऊन पडले होते. नोंदणीच्या दिवशी आम्ही सकाळीच कार्यालयात पोचलो. मावशी, मी, दुसरा साक्षीदार म्हणून तिच्या शेजारचा औषधवाला, वकील आणि चष्मेवाला जोडपे. बाहेर रस्त्यावर एक टेंपो उभा होता आणि त्यात एक कपाट, गादी, काचेची शोकेस आणि एक उलटे ठेवलेले टेबल दोरीने आवळून बांधले होते.

“हे कोणाचं?” मी विचारले.

“आमचंच,” चष्मेवाल्याची बायको म्हणाली. “भाड्याची जागा आज सोडली. मालकाला सकाळीच किल्ली देऊन आलो. इथलं झालं की सरळ मावशींच्या घरी.”

“माझ्या कशाला, तुमच्याच,” मावशी म्हणाली.

“शिक्का बसला की आमच्या,” ती म्हणाली. मावशीने तिच्याकडे पहिल्यांदाच जरा नीट बघितले.

आतली खोली अशा खोल्या असतात तशीच होती. भिंतीला टेकलेली बाके, पाय ओढत फिरणारा पंखा, टोके वर वळलेली सूचनापत्रे, एका टेबलावर कॅमेरा आणि ठसा घ्यायचे यंत्र. आमचा पुकारा झाल्यावर कारकुनाने मावशीचा फोटो घेतला आणि अंगठा मागितला. यंत्राने अंगठा नाकारला. पुन्हा ठेवला, पुन्हा नाकारला.

“मावशी, अंगठा जरा पुसून ठेवा,” कारकून म्हणाला.

“पुसलेलाच आहे. इस्त्रीने.”

तिने पंजा उलटा करून दाखवला. गरम इस्त्री आणि सोड्याचे पाणी यांनी बोटांवरच्या रेघा कधीच नाहीशा केल्या होत्या. बोटे नव्या कागदासारखी गुळगुळीत. कारकुनाने एकेक बोट लावून बघितले. डाव्या हाताची करंगळी तेवढी यंत्राला ओळखीची वाटली.

“करंगळीने घर चाललं,” मावशी म्हणाली, आणि कारकून हसला.

मग आम्ही अधिकारी बाईंसमोर गेलो. चष्मा कपाळावर चढवलेली, भराभर बोलणारी बाई. बाहेरून टेंपोवाल्याने एकदा हॉर्न वाजवून आपण आहोत याची आठवण करून दिली.

“दस्त वाचलात?” बाईंनी मावशीला विचारले.

“वाचला. थोडा खोडायलाही लावला.”

“सही तुमचीच?”

“माझीच.”

“राजीखुशीने विकताय ना घर?”

हा प्रश्न त्या बाईंनी दिवसभरात किती जणांना विचारला असेल कोण जाणे. विचारतानाच त्यांचा हात शिक्क्याकडे गेला होता. मावशी क्षणभर थांबली. कपडा उजेडात धरायची तशी थांबली.

“राजी आहे,” ती म्हणाली. “खुशी नाही.”

बाईंचा हात शिक्क्यावरच राहिला. “काय म्हणालात?”

“राजी आहे. खुशी नाही.”

वकील घाईने पुढे झाले. “मावशी, तो एकच शब्द आहे हो!”

“एक कसा? राजी एक आणि खुशी दुसरी. नवराबायको म्हटलं म्हणून काय एकच माणूस होतो?”

“मॅडम, ही नुसती बोलायची पद्धत…” वकिलांनी मोर्चा बाईंकडे वळवला.

“वकीलसाहेब, तुम्ही मागे व्हा,” बाई म्हणाल्या. चष्मा कपाळावरून नाकावर आला. “विकणारी बाई माझ्यासमोर म्हणतेय, खुशी नाही. आणि मी शिक्का मारू? उद्या कोणाच्या दबावाखाली विकलं असं निघालं तर उत्तर मी द्यायचं. सगळे जमिनीवरच्या त्या पिवळ्या पट्टीच्या मागे जा. मावशी, तुम्ही बसा खुर्चीवर.”

आम्ही पट्टीमागे गेलो. ऐकू सगळे येत होते. चष्मेवाल्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. शिक्का बसला नाही तर त्याचा संसार टेंपोत होता, आणि टेंपो रस्त्यावर.

“घर विकायचं कोणाच्या डोक्यात आलं?” बाईंनी विचारले.

मावशीने बोट माझ्याकडे केले. “याच्या. माझा भाचा.”

बाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की सगळी नोकरी स्वच्छ हाताने करून मी त्या क्षणी चोर झालो. औषधवाला माझ्यापासून किंचित लांब सरकला.

“त्याने जबरदस्ती केली?”

“हा?” मावशी हसली. “अहो, याला स्वतःच्या घरात चहा मिळायचा तर दोनदा मागावा लागतो. हा काय जबरदस्ती करणार!”

“मग दबाव कोणाचा आहे?”

“गुडघ्यांचा.”

“गुडघे सोडून?”

“कोणाचा नाही.”

“मग खुशी का नाही?”

मावशीने चष्मेवाल्याकडे बघितले. आता चष्मेवाल्याला राहवेना. पिवळी पट्टी ओलांडून तो पुढे आला आणि त्याने आपली सगळी साखर एकदम ओतली. “मावशी, काळजी करू नका हो! आम्ही घर अगदी जपू. भिंतीला खिळासुद्धा मारणार नाही! तुम्ही कधीही या, सगळं होतं तसंच दिसेल तुम्हाला…”

“बघा,” मावशी बाईंना म्हणाली. “हे. याच्यामुळे खुशी नाही.”

“तुम्ही गप्प बसा हो!” हे त्याची बायको म्हणाली, आणि मावशीला नव्हे, त्याला म्हणाली. मग ती सरळ खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. “मावशी, खोटं आहे ते सगळं. ती भिंत आम्ही पहिली पाडणार आहोत. डोळे तपासायला अक्षरांचा तक्ता लांबवर लावावा लागतो, आणि तेवढी लांबी तुमच्या दुकानात नाही. भिंत पाडली तरच दुकान चालेल आमचं. आणि भर दुपारी दिवा लावून मी स्वयंपाक करणार नाही. तो मी वरच्या खोलीच्या खिडकीशी नेणार. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून यांनी सांगितलं नाही. मला पहिल्या दिवसापासून सांगायचं होतं.” तिचा आवाज जरा चिरकला. “आता नसेल विकायचं तर तसं सांगा. सामान उतरवायला दुसरी जागा बघते.”

“कुठे?” मावशीने विचारले.

“मला काय माहीत कुठे!”

चष्मेवाल्याने डोळे मिटून घेतले होते. वकील कागद गोळा करू लागले. बाहेर हॉर्न वाजला, या वेळी लांबलचक.

“कधी पाडणार?” मावशीने विचारले.

“पुढच्या आठवड्यात. गवंडी ठरवलाय.”

“सगळी?”

“सगळी.”

“का अर्धीमुर्धी ठेवणार? माझी आठवण म्हणून?”

“एक वीट ठेवणार नाही,” ती म्हणाली.

मावशीने खुर्चीत पाठ टेकली आणि मोठा श्वास सोडला. मग ती अधिकारी बाईंशी बोलू लागली, जणू आम्ही बाकीचे तिथे नव्हतोच.

“आमच्या ह्यांनी बांधली ती भिंत. माणूस चांगला होता, भिंत वाईट होती. त्यांना सांगितलं, पाडा. ते म्हणायचे, बघू. ते गेल्यावर मीच पाडली असती. पण दुकानात लोकांचे पांढरे कपडे टांगलेले, आणि भिंत पाडायची म्हणजे केवढी धूळ! दुकान बंद ठेवलं तर गिऱ्हाईक जाणार. राहून गेली ती. आणि हा मुलगा म्हणतो, जशीच्या तशी ठेवतो! म्हणजे माझ्यानंतर ही पोरगी त्या अंधारात उभी राहणार, आणि वर माझं नाव सांगणार. कशाची खुशी वाटेल हो?”

बाईंनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. “आता काय म्हणणं आहे?”

“आता विचारा.”

“घर राजीखुशीने विकताय?”

“राजी तर होतेच,” मावशी म्हणाली, आणि पुन्हा तशीच क्षणभर थांबली. “खुशी थोडी झालीय. जागा सोडायचं वाईट वाटतंच, ते खोटं कशाला सांगू? थोडी चालेल का?”

“कायद्यात माप दिलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “थोडीसुद्धा चालते.” आणि त्यांनी शिक्का मारला.

चष्मेवाला मावशीच्या पाया पडायला वाकला. “राहू दे,” मावशी म्हणाली. “बायकोला पुढे करत जा. दुकान चालेल.”

कार्यालयाचा जिना उतरताना वकील सांगत होते, की मालकी आता बदलली. पण नगरपालिकेच्या दप्तरी नाव बदलायला वेगळा अर्ज करावा लागेल, नाहीतर घरपट्टीचे बिल मावशीच्याच नावाने येत राहील. वीजबिलाचेही तसेच. मावशी म्हणाली, “एकच घर कितीदा विकायचं माणसाने?” ते अर्ज मी केले. मला तशी कामे आवडतात, हे वर आलेच आहे.

पुढच्या आठवड्यात गवंडी आला, आणि मावशीने मला रजा टाकायला लावली. भिंत पडताना बघायची होती. मी घडीची खुर्ची घेऊन गेलो आणि तिला समोरच्या फुटपाथवर, धुळीपासून लांब बसवले. ती तिथूनच गवंड्याला सूचना देत होती. तो ऐकत नव्हता. भिंत खरोखरच भक्कम निघाली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत जेमतेम अर्धी उतरली. दुपारी शेवटचा थर पडला, धूळ हळूहळू बसली आणि रस्त्यावरचा उजेड दुकान ओलांडून सरळ मागच्या टोकापर्यंत गेला.

मावशी उठली. माझा हात धरून दगडी पायरी चढली आणि जिथे तिचा ओटा होता त्या ठिकाणी जाऊन उभी राहिली. बराच वेळ ती इकडेतिकडे बघत होती. तिला आता रडू येणार अशा समजुतीने चष्मेवाल्याने लगबगीने पाणी आणले.

“अगंबाई!” मावशी म्हणाली. “एवढं काळं होतं हे?”

ओट्यामागची भिंत वर्षानुवर्षांच्या फोडणीने आणि धुराने तेलकट काळी झाली होती. दिव्याच्या पिवळ्या उजेडात ते कधी कळले नव्हते. रस्त्यातल्या प्रत्येकाच्या कपड्यावरचा डाग ओळखणारी माझी मावशी स्वतःच्या भिंतीकडे आ वासून बघत होती.

“आणि मी इथे माणसांना जेवायला वाढत होते! मुनीम, तू तरी बोलायचंस की!” तिने पदर खोचला. “बादली कुठे आहे? गरम पाणी आण, आणि सोडा.”

“मावशी, तुम्ही बसा,” चष्मेवाल्याची बायको आडवी आली. “गुडघे दुखतील. आणि आता घर माझं आहे, मी बघेन.”

“तुझंच आहे गं,” मावशी तिथेच पालथ्या घातलेल्या पिंपावर बसत म्हणाली. “म्हणून तर तुला सांगतेय. बादली आण आणि पूस.”